चार वाजताची उपासना

आई,

तुझ्याबद्दल लोक अजूनही एक वाक्य बोलतात आणि ते मला दर वेळी खटकतं. घर, नोकरी, चर्चची मंडळी, महिला मंडळ, सगळ्यांचा कसा तोल सांभाळला बाईनं. मी अकोल्याच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते हे तुला माहीत नाही. तू गेलीस तेव्हा मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्याकडचा तराजू काचेच्या पेटीत असतो. पेटीचं दार उघडं राहिलं, वर पंखा सुरू असला, शेजारून कुणी जोरात चालत गेलं, तरी त्याचा आकडा ठरत नाही. तोल साधायचा तर आधी आजूबाजूचं सगळं थांबवावं लागतं. तुझ्या आजूबाजूचं काही थांबल्याचं मला आठवत नाही, तू स्वतःही कधी थांबलेली आठवत नाहीस. म्हणून ते वाक्य कुणी बोललं की मी चहाचा कप उचलते आणि विषय बदलते.

आठवतं ते स्वयंपाकघर, शनिवारचं. ओट्याच्या एका बाजूला वांगी चिरलेली, दुसऱ्या बाजूला स्वच्छ पंचा अंथरून त्यावर प्रभुभोजनाच्या विधीत द्राक्षरस द्यायचे छोटे काचेचे पेले पालथे घातलेले. आपली मंडळी म्हणजे पंधरा-वीस घरं, बहुतेक छिंदवाड्याकडून नोकरीपायी अमरावतीला आलेली. लुथरन म्हटलं की शेजारी विचारायचे, हे काय नवीन, आणि तू सांगायचीस, "नवीन कायचं, चर्चच आहे, फक्त आमचं दुपारी भरते." आपलं स्वतःचं चर्च नव्हतंच. दुसऱ्या मंडळींचं चर्च सकाळी त्यांची उपासना आटोपली की चार वाजता आपल्याला मिळायचं. त्यामुळे वेदीवरचं कापड, क्रूस, पेले, मेणबत्त्या, सगळं एका लोखंडी पेटीत आपल्या घरी असायचं आणि रविवारी तुझ्या मोपेडवर जायचं. सहा-सात वर्षांची असताना मी त्यातल्या एका पेल्यातून पाणी प्यायले होते. तू दारात उभी राहून पाहिलंस. मला वाटलं, आता मार बसेल. "पेली ना? आता धू," एवढंच म्हणालीस आणि कांदा चिरायला बसलीस.

तुझं ऑफिस मी एकदाच आतून पाहिलं. शाळेला सुट्टी होती, बाबा पाटबंधारे खात्याच्या दौऱ्यावर होते, म्हणून तू मला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नेलंस. एका ओळीत बायका बसलेल्या, प्रत्येकीच्या कानाला हेडफोन, समोर भोकंच भोकं असलेला फळा आणि त्यात खुपसायच्या दोऱ्या. तू खुर्चीत बसलीस आणि तुझा आवाज बदलला. घरचा आवाज घाईचा होता, हा सावकाश होता. कुणी माणूस पलीकडून ओरडत असावा, कारण तू म्हणालीस, "साहेब, ओरडून वायर आखूड नाई होत. लावून राहिली, थांबा." शेजारची बाई हसली. तू हसली नाहीस, तुझा हात पुढच्या दोरीवर गेलेला होता. येताना मी विचारलं होतं की देवाचं काम आणि हे काम यातलं तुला कोणतं जास्त आवडतं. तू मोपेड चालवता चालवता उत्तर दिलंस, "पास्टर ज्या खुर्चीवर बसते ते बी त्याचीच, मी बसतो ते बी त्याचीच. आवडाचं काय त्यात." तेव्हा मला ते उत्तर टाळल्यासारखं वाटलं होतं. आता वाटत नाही.

मग तो ईस्टर. मी अकरा वर्षांची होते, म्हणजे सगळं अचूक असावं असं वाटण्याच्या वयाची. वेदीच्या कापडाचे रंग मला पाठ होते. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात जांभळा, ईस्टरला, म्हणजे येशू मेलेल्यांतून उठला त्या दिवशी, पांढरा, पुढे हिरवा. शनिवारी वादळानं तारा तुटल्या म्हणून तू एक्स्चेंजमध्ये उशिरापर्यंत अडकलीस. घरी आलीस तर शेजारच्या वहिनींना कळा सुरू झालेल्या, तू त्यांच्यासोबत दवाखान्यात गेलीस. रविवारी आमचं सणाचं जेवण केलंस, सगळ्यांना वाढलंस आणि चारला पाच मिनिटं असताना पेटी घेऊन चर्चला पोचलीस. पांढरं कापड पेटीत नव्हतं. ते घरी गच्चीवर दोरीवर वाळत होतं. घरी जाऊन यायला वेळ नव्हता. सगळे नवे कपडे घालून बसलेले आणि वेदीवर दुखवट्याचं जांभळं. एक निवृत्त हेडमास्तर पहिल्या बाकावर बसायचे, त्यांना सगळे गुरुजी म्हणत. ते उभे राहून म्हणाले, "बाई, आज दिवस कोणता आहे, लक्षात आहे ना?"

"आहे ना गुरुजी," तू म्हणालीस. "मी कापड बदलाले विसरली. तो उठाले नाई विसरला."

मागच्या बाकावर कुणीतरी फसकन हसलं, पास्टरही हसले असावेत, कारण त्यांनी एकदम गीताचा क्रमांक सांगितला. बाकाखाली जाता आलं तर बरं, असं मला झालं होतं. तू माझ्या शेजारी येऊन बसलीस आणि नेहमीसारखी वरच्या पट्टीत गायलीस. तुझ्या साडीला दवाखान्याचा वास येत होता.

त्या संध्याकाळी मी कंपासपेटी काढली आणि तुझ्यासाठी आठवड्याचं वेळापत्रक आखलं. ड्युटी निळी, घर लाल, मंडळी जांभळी, महिला मंडळाच्या आजारी लोकांच्या भेटी हिरव्या. एकही चौकोन रिकामा राहू दिला नाही, कारण रिकामा चौकोन म्हणजे आखणीतली चूक असं मला वाटत होतं. तू ते हातात घेऊन बराच वेळ पाहिलंस. मी शाबासकीची वाट पाहत होते. "चांगलं आहे," तू म्हणालीस. "पन यात संडासाले जाचा टाइम नाई ठेवला तुनं." मग ते भिंतीवर चिकटवलंस आणि एक दिवसही पाळलं नाहीस. मी आठवडाभर तुझ्याशी नीट बोलले नाही. तुझ्या ते लक्षात आलं की नाही, मला माहीत नाही, आणि ते माहीत नसणं त्या वयात फार टोचतं. तुझ्याभोवती माणसं इतकी असायची की रुसणाऱ्यानं आधी रांगेत उभं राहायचं.

पण हेही खरं की बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला तेव्हा सगळ्या मुलींनी दुकानातून पांढरे अ‍ॅप्रन घेतले आणि माझा तू शिवलास. नव्या कापडाच्या तुकड्यातून, वेदीसाठी आणलं होतं त्यातलंच उरलेलं. मी डावखुरी म्हणून वरचा खिसा उजव्या बाजूला लावलास. दुकानातल्या अ‍ॅप्रनचा खिसा मला उलटा पडेल हे मी तुला सांगितलं नव्हतं, मलाही तोवर सुचलं नव्हतं. प्रात्यक्षिकाच्या पहिल्या दिवशी पेन काढायला हात गेला आणि खिसा बरोबर तिथे होता. तू माझ्याकडे पाहत नाहीस असं मी किती वर्षं धरून चालले होते. पाहत होतीस, फक्त थांबून पाहत नव्हतीस.

तुझ्या जाण्याबद्दल मी कुणाशी बोलत नाही, इथेही थोडक्यात लिहिते. डावा हात जड वाटतो असं तू सकाळी म्हणालीस, मग आयोडेक्स लावलंस आणि महिला मंडळाच्या एका आजारी बाईला डबा द्यायला गेलीस. डबा पोचला. तू संध्याकाळपर्यंत राहिली नाहीस. बावन्न वर्षांची होतीस. अंत्यविधीला पास्टर म्हणाले की आमची भगिनी सेवा करता करता गेली, आणि सगळ्यांनी मान डोलावली. मला त्या वाक्याचा राग आला होता. अजून आहे. डॉक्टरांकडे जायला तुला कुणी अडवलं नव्हतं, पण जा असं म्हणणारंही कुणी नव्हतं, कारण आमच्यापैकी प्रत्येकाला तुझ्याकडून काहीतरी हवं होतं.

आता माझं ऐक. मी अकोल्याला राहते. नवरा रेल्वेत आहे, त्याची ड्युटी फिरती. मुलगी नऊ वर्षांची आहे आणि तिचा स्वभाव, दुर्दैवानं, माझ्यावर गेला आहे. मागे एकदा ती मला म्हणाली, "तू रविवारी घरी असणार की नाही ते शुक्रवारी सांगत जा. म्हणजे मला माझं ठरवता येतं." तिच्या आवाजात तक्रार नव्हती, त्यामुळे मला ते जास्त लागलं. आठवडाभर प्रयोगशाळा असते. महिन्यातून दोन शनिवार आम्ही चौघं-पाचजण आपल्या खर्चानं खारपाणपट्ट्यातल्या गावांमध्ये जातो, हिवरखेडच्या रस्त्याला लागून आत. बोअरचं आणि हातपंपाचं पाणी तपासतो आणि शाळेत, चावडीवर सांगतो, हे प्या, हे पिऊ नका. लोकांना ते पटतंच असं नाही. एका आजोबांनी माझ्या हातातली परीक्षानळी उन्हात धरून पाहिली. म्हणाले, "तुमच्या नळीत हे पानी खराब दिसते मॅडम. आमच्या लोट्यात चांगलं दिसते." मी म्हटलं, "म्हणून तर नळी आणली, आजोबा." ते म्हणाले, "मंग लोटा काहून नाई बदलून देत?" सगळी चावडी हसली. पण पुढच्या खेपेला त्यांची सून स्वतः बाटली भरून घेऊन उभी होती. हे काम मला मनापासून आवडतं. कुणी लावलेलं नाही, कुणाकडून आलेलं नाही, माझं आहे. मंडळीत मी याबद्दल फारसं बोलले नाही. तिथे सेवा म्हटली की चर्चच्या आवारातली धरतात.

आणि रविवारी अमरावती, निदान या वर्षापर्यंत. पास्टर दर रविवारी छिंदवाड्याहून वरूडमार्गे बसनं यायचे, मी पंधरा दिवसांतून एकदा मुलीला घेऊन अकोल्याहून जायचे, चार वाजताची उपासना चालू होती. तुझ्यानंतर ती पेटी तुझ्या मैत्रिणीकडे गेली, जिला मी लहानपणापासून मावशी म्हणते. या वर्षी मावशी मुलाकडे पुण्याला राहायला जाणार असं ठरलं. उपवासकाळ सुरू व्हायच्या आधी तिनं मला घरी बोलावलं, पेटी मध्ये ओढली आणि झाकण उघडलं. कापडांच्या घड्यांमध्ये कडुलिंबाचा पाला होता.

"घे," ती म्हणाली. "तुह्या मायची आहे. मी तं फक्त सांभाळली."

मी विचारलं, पेटी म्हणजे नेमकं काय काय.

"काय काय म्हंजे? कापडं धुवाची, प्रेस कराची, पेले, भाकर, द्राक्षरस. पास्टरचं जेवन. कोनी आजारी असलं तं पाह्याले जाचं. महिला मंडळ तं आहेच." मग तिनं मुख्य गोष्ट सांगितली. "तू नाई घेतली तं दुसरं कोनी नाई घेनार, पोरी. सकाळवाले कवाचे म्हनून राह्यले, आमच्यातच या. चार वाजताचं बंद होईन."

मी म्हटलं, "विचार करून सांगते, मावशी."

इथे माझी चूक झाली. आपल्या मंडळीत नाही म्हणायची पद्धत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं. तिथे 'विचार करून सांगते' याचा अर्थ हो असा होतो. विचार न करता हो म्हटलं तर गर्व दिसतो, म्हणून आधी विचार करायचा असतो. मी मात्र खरंच विचार करत होते. पंधरा दिवस केला. प्रवासात केला, नमुन्यांच्या बाटल्या धुताना केला. पेटी घेतली तर दर रविवारी अमरावती, शिवाय शनिवारची तयारी, म्हणजे गावं सुटणार, किंवा मुलीचा रविवार सुटणार, किंवा दोन्ही ठेवायचं ठरवलं तर मी तुझ्यासारखी होणार. यातलं शेवटचं मला सहज जमलं असतं, हीच अडचण होती.

पुढच्या उपासनेत प्रवचन संपल्यावर पास्टरांनी सूचना वाचल्या. शेवटची सूचना अशी होती की आपल्या दिवंगत भगिनीची कन्या आईची सेवा आजपासून हाती घेत आहे, आपण देवाचे आभार मानू. सगळे एका सुरात आमेन म्हणाले. मावशीनं मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. पहिल्या बाकावर गुरुजी आहेत अजून, नव्वदीचे, तेही मागे वळून हसले. माझी मुलगी मला हळूच म्हणाली, "तू मला सांगितलं नाहीस."

मी उभी राहिले. म्हणाले, "पास्टर, मी हो म्हटलेलं नाही. मला हे जमणार नाही."

वर पंखा किरकिरत होता. मग गुरुजी म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, खरीखुरी अडचण होती, "पण बाई, आमेन झालं."

"तुमचं झालं गुरुजी," मी म्हटलं. "माझं व्हायचं होतं."

आणि बसले. उपासनेनंतर बाहेर पास्टरांनी मला कारण विचारलं. मी सांगितलं, मुलगी लहान आहे, नवऱ्याची ड्युटी फिरती आहे, आणि गावांचं पाण्याचं काम आहे, जे मी सेवाच समजते. त्यांनी ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नाहीत. फक्त म्हणाले की बघू, मग आपलं कसं होतं ते.

पेटी रिक्षात ठेवताना मी एक कडी धरली, मावशीनं दुसरी. तेव्हा म्हणाली, "तुह्या मायनं कधी असं केलं नसतं."

"नाही," मी म्हटलं.

रिक्षात बसून तिनं पदर सारखा केला. "केलं असतं तं मंडळीनं नावं ठेवली असती तिले. मी बी ठेवली असती." मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "आज बी ठेवत बसलो असतो, तिच्याच घरी, तिच्याच हातचा चहा पीत." आणि रिक्षावाल्याला चल म्हणाली.

रेल्वेत मुलीनं खिडकीतून बाहेर पाहत सांगितलं की मी उभी राहिले तेव्हा तिला लाज वाटली. मी म्हटलं, साहजिक आहे. ती म्हणाली, "थोडीच." बडनेरा गेल्यावर तिनं डोकं माझ्या मांडीवर ठेवलं, जे ती एरवी लोकांसमोर करत नाही.

तुझी चार वाजताची उपासना बंद पडली नाही, पण पूर्वीसारखी राहिली नाही, हे तुला सांगायला हवं. आता महिन्यातून एकदाच होते. पेटी चर्चच्या स्टोअरमध्ये असते आणि दर वेळी वेगळं घर ती उघडतं. मागच्या महिन्यात एका नव्या लग्न झालेल्या जोडप्याची पाळी होती. कापड एका बाजूनं वीतभर खाली लोंबत होतं, मधली घडी क्रूसाच्या शेजारून जात होती, प्रेस बहुतेक केलीच नव्हती. मी दुसऱ्या बाकावर बसून तासभर ते पाहिलं. दोन पावलं जाऊन एक टोक ओढलं असतं की झालं असतं. मी उठले नाही. मला ते फार कठीण गेलं आणि प्रवचनातलं एक अक्षरही आठवत नाही. काही घरं सकाळच्या उपासनेला जायला लागली आहेत. माझ्या नाही म्हणण्यामुळे हे झालं, याबद्दल मला शंका नाही. तू वीस वर्षं जे उभं ठेवलंस ते माझ्या हातून अर्धं झालं. त्याची तुझ्याकडे माफी मागायची असं ठरवून मी लिहायला बसले होते, पण लिहिता लिहिता लक्षात येतं आहे की तसं वाटत नाही. वाईट वाटतं, माफी मागावीशी वाटत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

हे पत्र मी वहीच्या मागच्या पानांवर लिहिते आहे. संपलं की पानं फाडून टाकीन, ठेवण्यासारखं त्यात काही नाही. फक्त एक दुरुस्ती करायची राहिली आहे. पास्टरांना मी जी कारणं दिली ती सगळी खरी होती, पण पूर्ण नव्हती. अमरावतीला जायचं नसतं त्या रविवारी तो वाचलेला वेळ मी मुलीला देते असं त्यांना वाटतं, आणि त्यांचा तो समज मी दूर केलेला नाही. सकाळ मी तिला देते. दुपारी मात्र जेवणानंतर मी आतल्या खोलीचं दार लावते, पडदा ओढते, फोन बाहेर ठेवते आणि झोपते, चांगली पाच वाजेपर्यंत. त्या वेळात मावशीचा पुण्याहून फोन येतो, कधी पास्टरांचा, कधी मंडळीतल्या कुणाचा. मुलगी उचलते आणि अगदी गंभीर आवाजात सांगते, आई कामात आहे. तसं सांगायला तिला मीच शिकवलं आहे.